चवीचा दिवस, नाकात हरभरा

माझ्या मुलीच्या नाकात हरभरा गेला तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती, आणि तो तिनं माझ्याच सांगण्यावरून घातला होता.

एवढ्यावरून कोणी माझ्याबद्दल घाईनं मत बनवू नये. सावकाश बनवावं. सगळं ऐकून घेतल्यावर ते आणखी वाईट होईल, याची मला खात्री आहे.

आम्ही तेलंगणातल्या बाजारहत्नूरचे. मी मंडल कचेरीत, म्हणजे तहसिलीत, कारकून आहे. दरखास्ती म्हणजे अर्ज घ्यायचे, नकला द्यायच्या, शिक्के मारायचे, हे माझं काम. बायको, वर्षा, घराच्या पुढच्या खोलीत बालवर्ग चालवते. दहा-बारा मुलं, तीन ते पाच वयाची. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी तेलुगू, एकीच्या घरी गोंडी. वर्गात वर्षा तिन्ही भाषांची खिचडी करते आणि मुलं ती मिटक्या मारत खातात. उन्हातान्हात घरोघरी फिरून, बायांच्या ओट्यावर बसून, तिनं एकेक लेकरू जमवलं. इच्चोड्याकडच्या एका इंग्रजी शाळेची पिवळी बस रोज आमच्या दारावरून जाते, आणि ती गेली की वर्षा आधी मुलं मोजते, मग पुढचं शिकवते.

मार्चमध्ये तिनं 'खाऊचा आठवडा' काढला. मुलं डब्यात नुसती चिप्सची पाकिटं आणत आणि भेंडी बघितली की तोंड फिरवत, म्हणून. सोमवारी रंग झाले: टमाटा लाल, मेथी हिरवी, वांगं जांभळं. मंगळवारी आकार: भाकर गोल, शंकरपाळं तिरकं, मुळा लांब. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली की कागदावर फूल उमटतं, हे मला त्या दिवशी कळलं. (माझ्या ऑफिसच्या शर्टावरही उमटतं.) बुधवार चवीचा होता. आणि बुधवारीच आदिलाबादला तिचा डी.एड.चा पेपर लागला.

"एक दिवस बंद ठेव वर्ग," मी म्हणालो.

"अन् लेकरं घरी बसली की त्याइच्या मायांले पिवळी बस दिसते," ती म्हणाली.

"मंग मी रजा टाकतो. मी घेतो वर्ग."

वर्षानं माझ्याकडे नीट बघितलं. लग्नाआधी एकदा तिनं असं बघितलं होतं, आणि तेव्हाही मी पुढे फारसा सिद्ध झालो नव्हतो.

"तुमी?"

"त्यात काय हाय? चार वाट्या अन् दहा लेकरं."

"लेकरं म्हणजे दरखास्ती नाई. ठेवली तिथं नाई राहत."

तरी दुसरा इलाज नव्हता. तिनं मला समजावलं: गूळ, चिंच, मीठ, कारलं. एकेक कण जिभेवर द्यायचा, चवीचं नाव सांगायचं, एकमेकांची तोंडं बघून हसायचं. मग गाणं, मग डबा, मग घर. घरात माझी माय होतीच. सकाळच्या बसमध्ये चढता चढता वर्षा पुन्हा म्हणाली, "वाटेल ते काढू नका. सांगितलं तेवढंच करा."

मी मान हलवली. माझं डोकं तेव्हा कारल्यात होतं.

झालं असं, की रात्रभर मी या वर्गाचा विचार केला होता आणि माझ्या मनानं एक सुधारणा सुचवली होती. वर्षा गुळापासून सुरुवात करणार होती. मी म्हटलं, वाईट काम आधी उरकावं. कडू पहिल्यांदा दिलं की पुढचं सगळं गोडच लागेल. कचेरीत हे धोरण बरं चालतं.

मुलं गोल बसली. मी कारल्याचा एकेक तुकडा जिभेवर ठेवला आणि म्हणालो, "कडू. चेदु. सांगा बरं, कडू."

कोणी सांगितलं नाही. क्षणभर सगळ्यांचे चेहरे एकाच वेळी आकसले, आणि मग असा एकसुरात रडण्याचा आवाज उठला की समोरच्या किराणावाल्यानं काटा खाली ठेवला. साई चरण नावाचा एक गुबगुबीत मुलगा आमच्या वर्गात आहे. त्यानं शांतपणे पुढे येऊन तुकडा माझ्या पायमोज्यावर थुंकला. माझी मुलगी मैत्री, वर्गातली एकच माझी हक्काची विद्यार्थिनी, म्हणाली, "पप्पा, तुमी वाईट हा."

मी लगेच गूळ काढला. पण एकदा कारलं खाल्लेलं मूल त्याच हातातून गूळ घेत नाही. सगळ्यांनी ओठ घट्ट मिटले. कारलं खाऊन काही होत नाही हे दाखवायला मी वाटीतलं उरलेलं कारलं हसत हसत खाल्लं. माझा हसरा चेहरा बघून रडणं आणखी वाढलं.

दारावरून कोणी आई गेली आणि तिनं हा आवाज ऐकला तर? आणि तेवढ्यात ती पिवळी बस आली तर? मी स्वयंपाकघरात धावलो. माय भाजी निवडत होती. मी फळीवरचे डबे उघडले. हरभरे, वाटाणे, चवळी, राजमा. सगळं एका परातीत ओतलं, हातानं कालवलं आणि ती परात मुलांच्या मध्ये ठेवली.

"वेगळं वेगळं करा," मी म्हणालो.

रडणं थांबलं. कोणी नळ बंद करावा तसं. दहा-बारा डोकी परातीवर वाकली, बोटं दाण्यांत शिरली, आणि खोलीत नुसता खळखळ आवाज. चवळी इकडे, राजमा तिकडे. मी फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला: 'धान्याची ओळख.' दोन-तीन अंगठे लगेच आले. मी खुर्चीवर टेकलो. हे तर सोपं आहे, मला वाटलं. वर्षा उगाच संध्याकाळी थकून बसते.

लहान मुलांच्या खोलीत शांतता झाली की काहीतरी बिघडलेलं असतं, हे ज्यांना ठाऊक आहे ते इथवर माझ्यापुढे पोचले असतील. मला ठाऊक नव्हतं.

साई चरण माझ्या गुडघ्याशी येऊन उभा राहिला. त्याचं बोट नाकात होतं.

"सार," तो म्हणाला, "गिंज लोपलकि पोयिंदि."

दाणा आत गेला. तेलुगू मला चांगलं येतं, कचेरीत दिवसभर तेच चालतं. दाणा आत गेला हे मला शब्दनशब्द कळलं, आणि बोट नाकात असल्यानं कुठे आत गेला हेही कळलं, असं मला वाटलं. मी त्याचं डोकं मागे करून नाकात बघितलं. काही दिसलं नाही. दुसऱ्या नाकपुडीत बघितलं. तिथे काही दिसण्याची सोयच नव्हती.

"तुह्याच नाकात गेला का दुसऱ्याच्या?" मी विचारलं. तो विचारात पडला.

मग मी सगळ्यांना विचारलं. मराठीत विचारलं, तेलुगूत विचारलं. "कोणाकोणाच्या नाकात दाणा गेला? हात वर करा."

सगळ्यांनी हात वर केले. कोपऱ्यात एक मुलगी झोपली होती. तिनं जागं होऊन हात वर केला.

(नंतर वर्षानं मला सांगितलं की या वयाच्या मुलांना 'कोणाकोणाला' असं विचारलं की ती हात वर करतातच. तुम्ही त्यांना 'कोणाकोणाला तुरुंगात जायचं' असं विचारलं असतं तरी केले असते. पण वर्षा तेव्हा आदिलाबादला मुलांच्या मानसशास्त्राचा पेपर लिहीत होती.)

दहा-बारा नाकं, आणि प्रत्येकात एक दाणा. आता इथून पुढे मी जे केलं ते केवळ नोकरीच्या सवयीनं केलं. आमच्याकडे काहीही झालं की आधी पंचनामा होतो. काय घडलं, कसं घडलं, कोणी बघितलं.

"कसा गेला?" मी विचारलं.

मुलं मागे सरकली.

"घाबरू नका. कसा गेला, मले करून दाखवा."

मैत्री आज्ञाधारक आहे. तिची आई शिक्षिका आहे. तिनं परातीतून एक हरभरा उचलला, मला नीट दिसावा म्हणून समोर धरला, आणि "असा," म्हणून नाकात घातला. बोट बाहेर आलं. हरभरा आला नाही.

"काढ तो," मी म्हणालो.

तिनं काढायला बोट घातलं. हरभरा आणखी वर गेला.

तेवढ्यात बाकीचे हात परातीकडे निघाले होते. सगळ्यांनाच करून दाखवायचं होतं. मी परात उचलून डोक्यावर धरली. मुलं माझ्याभोवती उड्या मारू लागली, परात कलली, आणि डोक्यावरून चवळी ओघळायला लागली. त्या आवाजानं माय बाहेर आली.

"काय करून राह्यला बाबू?"

"मैत्रीच्या नाकात हरभरा गेला."

"कोणं घातला?"

"तिनंच."

"काऊन?"

याचं कारण सांगण्याऐवजी मी परात कपाटावर चढवली.

मायनं मैत्रीला उजेडात नेलं, नाक वर करून बघितलं आणि विचारलं, "कोरडा का भिजवलेला?"

"कोरडा."

"मंग फुगन," माय म्हणाली. भाजीत मीठ कमी आहे हे ती ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात. "रात्री वाटीभर भिजू घातला तर सकाळी दोन वाट्या होते. अन् नाकात तर पानीच पानी."

आतापर्यंत मैत्री मजेत होती. सगळे आपल्याकडे बघताहेत याचा तिला अभिमान वाटत होता. पण मागच्या आठवड्यात वर्षानं वर्गात मटकीला मोड आणून दाखवले होते. त्यामुळे फुगलं की पुढे काय होतं हे मुलांना माहीत होतं. एका पोरीनं विचारलं, "आजी, मंग कोंब येते?"

मैत्रीनं भोकाड पसरलं. "माह्या नाकात झाड येईन."

ती रडायला लागली तसं नाक वाहायला लागलं, आणि नाक वाहायला लागलं तसा माझ्या डोळ्यांपुढे तो हरभरा आत बसून पाणी पिताना दिसू लागला. "रडू नको, राजा, रडू नको," मी म्हणत होतो. माझं स्वतःचं नाक वाहत होतं ते कोणी पुसत नव्हतं.

वर्षाला फोन लावला. बंद. परीक्षेत बंदच असणार. पण मी तीनदा-चारदा लावला, जणू कंटाळून तो चालू होईल. मग मोबाइलवर शोधलं: नाकात दाणा गेल्यास काय करावे. पहिलंच जे आलं त्यात 'श्वासनलिका' हा शब्द होता. मी मोबाइल खिशात ठेवला. पुन्हा काढला. पुन्हा ठेवला.

"शिंक आली की निघते," माय म्हणाली, आणि तिनं कमरेची तपकिरीची डबी काढली. मला ते पटलं नव्हतं. पण घाबरलेल्या माणसाला कोणी डबी दिली की तो उघडतो. मी चिमूट घेऊन मैत्रीच्या नाकाजवळ नेली. वाऱ्याची झुळूक आली. मला शिंक आली, मग दुसरी, मग अशी माळ लागली की मी भिंतीला टेकलो. मैत्री रडायची थांबून हसायला लागली. हसताना तिनं श्वास आत ओढला.

"दवाखान्यात नेतो," मी शिंकत म्हणालो.

"अन् हे?" मायनं बाकीच्या मुलांकडे हात केला.

प्रश्न बरोबर होता. त्यांनीही हात वर केले होते. एकेका नाकात काय दडलंय कोणाला ठाऊक. त्यांना मागे ठेवून मी एकट्या स्वतःच्या मुलीला नेलं असतं आणि इकडे कोणाला काही झालं असतं तर? मी ठरवलं, सगळ्यांना न्यायचं.

सरकारी दवाखाना बसस्टँडच्या पुढे. मायनं तिचं जुनं लुगडं काढून पीळ दिला आणि सगळ्या मुलांना ते धरायला लावलं. पुढे माय, मध्ये लुगड्याला लटकलेली मुलं, शेवटी मैत्रीला कडेवर घेतलेला मी. "तोंडानं श्वास घे," मी तिला सांगत होतो, आणि दाखवण्यासाठी मीही तोंडानंच घेत होतो. दोघंही तोंड उघडं टाकून भर बाजारातून चाललो होतो.

लोक विचारत होते. "काय सायेब, रॅली हाय का?" चहाच्या टपरीवरून कोणीतरी म्हणालं. मी मान हलवली. खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत पिवळ्या बसमध्ये जागा उरली नसती. एकीनं ओट्यावरून मायला विचारलं, "मावशी, कुठं नेता लेकरं?" माय म्हणाली, "दवाखान्यात." आणि पुढे गेली. माय कधी दोन शब्द बोलायच्या जागी तीन बोलत नाही.

याचा परिणाम मला चौकात दिसला. मागे वळून बघतो तर आमच्या मागे बाया लेकरं घेऊन येत होत्या. एकीच्या कडेवर, एकीच्या बोटाशी, एकीनं आंघोळ अर्धी टाकून आणलेलं. सगळी लेकरं एकदम दवाखान्याकडे निघाली म्हणजे पोलिओचे डोस, हे कोणालाही कळतं.

"चुक्कल मंदु कदा?" त्यातल्या एका बाईनं मला विचारलं. पोलिओचा डोसच ना?

मी नाही म्हणालो. पण तोंड उघडं ठेवून बोलत होतो, त्यामुळे तिला ते हो वाटलं असावं.

दवाखान्याच्या दारात नर्सबाई उभ्या होत्या. ती गर्दी बघून त्यांचा चेहरा असा झाला की आपल्याला कोणी सांगायचं राहिलं का, हे त्या मनात तपासत असाव्यात. मी पुढे होऊन घडलेलं सांगितलं. सगळं नाही. 'करून दाखवा' हा भाग वगळला.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, वरंगलकडच्या. त्या तेलुगूत बोलत होत्या. मी इथं आपल्या भाषेत सांगतो. त्यांनी बॅटरी घेऊन एकेक नाक तपासायला सुरुवात केली. पहिलं नाक, काही नाही. दुसरं, काही नाही. तिसऱ्यात सर्दी. सगळी नाकं रिकामी निघाली. शेवटी मैत्री.

"हा काय, दिसतोय," मॅडम म्हणाल्या. "हरभरा. तुम्ही काही केलं नाही ना? काडी-बिडी घातली नाही ना?"

"नाही."

"तपकीर?"

माझ्या मिशीकडे बघून त्यांनी विचारलं होतं. मी खाली बघितलं.

"पुन्हा असं करू नका. तिनं जोरात आत ओढला असता तर?" त्या म्हणाल्या. मग आवाज मऊ करून विचारलं, "हिची आई कुठे आहे?"

"आदिलाबादला. परीक्षा आहे."

"मग तुम्ही या. चिमटा न लावता निघतो का बघू. हिच्या तोंडावर तोंड ठेवायचं, मोकळी नाकपुडी मी बोटानं बंद करते, आणि तुम्ही एक छोटी, जोराची फुंकर मारायची. हरभरा बाहेर येईल. हिला सांगा, पप्पा मोठा पापा घेणार."

मला वाटलं, एवढंच. मी वाकलो. मैत्रीनं तोंड फिरवलं.

"नको. पप्पाच्या तोंडाचा कारल्याचा वास येते."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. खुलासा मागितला नाही, याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे. मी नळावर जाऊन खळखळून चूळ भरली. परत आलो. मैत्रीनं वास घेतला, विचार केला, आणि तोंड पुढे केलं. मी तोंड टेकवलं आणि फुंकर मारायच्या ऐवजी भीतीनं स्वतःच श्वास आत घेतला. पोरगी दचकली.

"सार, उलटं करताय," मॅडम म्हणाल्या. "बाहेर. बाहेर सोडा."

मैत्रीनं माझे दोन्ही कान धरले होते. तिचे डोळे माझ्या डोळ्यांना जवळजवळ टेकलेले, आणि त्यांत भीती नव्हती. पप्पा काढतील, एवढंच होतं. माणसाला याहून जास्त घाबरवणारं काही नसतं. मी डोळे मिटले आणि फुंकर मारली.

टप्पकन माझ्या गालावर काहीतरी ओलं बसलं. हरभरा होता. फुगलेला नव्हता. मैत्री म्हणाली, "निंगला," आणि टाळ्या वाजवल्या. मी तिला छातीशी धरलं आणि बाकड्यावर बसलो.

माझ्या डोळ्यांत पाणी होतं तेवढ्यात दारातून साई चरणची आई आत शिरली. टेलरिंगच्या दुकानातून तशीच आली होती, गळ्यात टेप होता. तिला बाजारात कोणीतरी सांगितलं होतं की तुझ्या पोराला सरकारी दवाखान्यात नेलंय. तिनं साई चरणला उचलून उलटासुलटा बघितला आणि मला विचारलं, काय केलं माझ्या पोराला?

"काही नाही," मी म्हणालो. "त्यानं सांगितलं दाणा आत गेला..."

मॅडमनी साई चरणला जवळ घेतलं. "दाणा आत गेला म्हणालास ना? कुठे आत गेला?"

साई चरणनं बोट नाकात घातलं (त्याला विचार करताना तसं लागतं, हे त्याच्या आईनं नंतर सांगितलं) आणि म्हणाला, "बीरुवा किंदिकि."

बीरुवा म्हणजे लोखंडी कपाट. त्याचा राजमा घरंगळत आमच्या कपाटाखाली गेला होता. तो काढून द्या, एवढंच तो मला सांगायला आला होता.

म्हणजे कोणाच्याही नाकात काही गेलेलं नव्हतं. मी चौकशी सुरू करेपर्यंत.

दवाखान्यातून परत येताना मी सगळ्या मुलांना गोळ्या घेऊन दिल्या. (चोखायच्या गोळ्या नाकात जाणार नाहीत एवढ्या मोठ्या आहेत ना, हे दुकानदाराला दोनदा विचारलं.) पोलिओवाल्या बाया नर्सबाईंशी वाद घालत मागेच राहिल्या. साई चरणची आई पोराला कडेवर घेऊन घरापर्यंत आमच्या पुढे चालत राहिली. दारातून पोराची पिशवी घेतली आणि गेली.

संध्याकाळच्या बसनं वर्षा आली. काहीतरी घडलंय हे तिला आधीच कळलं होतं. इच्चोड्याला बसमध्ये एक बाई चढली होती. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला होता: लुगड्याला धरलेली मुलं, पुढे माझी माय, मागे तोंड उघडं टाकून मी. 'बाजारहत्नूरात पोलिओची जनजागृती,' असं खाली लिहिलेलं होतं. वर्षाला आधी फार बरं वाटलं म्हणे. मग तिनं झूम करून मैत्रीचं वाहतं नाक आणि उघडं तोंड बघितलं.

आल्या आल्या तिनं मैत्रीला मांडीवर घेतलं, दोन्ही नाकपुड्या बघितल्या, डोकं छातीशी दाबून ठेवलं. मग मायकडून सगळं ऐकलं. मी जे वगळलं होतं तेही मैत्रीनं सांगितलं. "पप्पा म्हणले, करून दाखव."

"पेपर कसा गेला?" मी विचारलं.

वर्षा म्हणाली, "उद्या कोनी येते का पाहू."

रागावली असती तर मला सोसलं असतं. तिनं भिंतीवरची भेंडीची फुलं एकेक करून सरळ केली, खुर्च्या पुसल्या, आणि न जेवता बसून राहिली. ग्रुपवर दिवसभरात कोणी काही लिहिलं नव्हतं. मी दर थोड्या वेळानं बघत होतो. अंगठेसुद्धा परत घेतलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षा नेहमीसारखी दारात उभी राहिली. माझी अजून एक रजा शिल्लक होती. मी स्वयंपाकघरात, दाराच्या फटीला डोळा लावून. पिवळी बस आली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. ड्रायव्हरनं खाली उतरून टायरला लाथ मारून बघितली आणि पुन्हा चढून गेला.

मग साई चरणची आई दिसली. पोराचं बोट धरून आली, पायरीशी थांबली. वर्षा काही बोलणार तेवढ्यात तिनं मान लांब करून खोलीत डोकावलं. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. आणि हळूच विचारलं, "सार उन्नारा?" सर आहेत का?

"लेरु," वर्षा म्हणाली. नाहीत.

तिनं पोराला आत सोडलं. जाताना म्हणाली, रात्रभर लुगड्याची रॅली, लुगड्याची रॅली करत होता, झोपू दिलं नाही.

मागून दुसरी आली. तिनंही तेच विचारलं. तिसरीनंही. एकीनं तर चपलांच्या ढिगात माझ्या चपला आहेत का तेही बघून घेतलं. आणि प्रत्येकीनं "लेरु" ऐकलं आणि लेकरू आत पाठवलं. एकेक करत दहा आली, वर पोलिओवाल्यांतली एक नवीन आली, चौकशी करून. वर्षाचा चेहरा उजळत गेला. मलाही इतका आनंद झाला की मी दार ढकलून बाहेर पाऊल टाकलं.

मायनं मागून माझा शर्ट धरला.

"थांब," ती म्हणाली. "अजून दोघं यायची हायत."

कचेरीत मी जागेवर नसलो की लोक साहेबांकडे तक्रार करतात. मी नाही हे ऐकून ज्यांना एवढं समाधान होतं, अशी माणसं मला पहिल्यांदाच भेटत होती. तेव्हापासून वर्षाच्या वर्गाचा वेळ आणि माझी हजेरी यांचा मेळ आम्ही कटाक्षानं घातला आहे. मी रोज वर्ग भरायच्या आधी घरातून निघतो. कचेरीत सगळ्यांच्या आधी पोचणारा कर्मचारी म्हणून साहेबांनी परवा माझं कौतुक केलं.